दुसरं बोलावणं

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही — चाळीस वर्षं संसार केला त्या माणसाशी, तो गेला, पण त्यालाही नाही. आईला नाही. देवापुढं बसले तरी एवढं सोडून बाकीचं बोलत आले. जसं काही देवाला गाळलेलं कळत नाही!

मग तुम्हालाच का सांगते? संताप आलाय म्हणून. गेल्या महिन्यात नगरला एका कार्यालयात आमच्या भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. कुणी तरी पाहुणे रुसून आले नाहीत, तर हा भाचा, पन्नाशीचा घोडा, सगळ्यांसमोर हात नाचवत म्हणतो, "अहो, हिराआजीचा गुण लागलाय त्यांना! आमी भिकारी न्हाई!" आणि सगळे हसले. खो खो हसले. माझ्या हातात जिलबीची बशी होती. हिराकाकूला जाऊन किती वर्षं झाली, आणि हा तिची टर उडवतोय — ज्या जेवणाची ही गोष्ट, तेव्हा जो जन्मलासुद्धा नव्हता! वर माझ्याकडं वळून म्हणतो, "आत्या, तुमच्या त्या जेवणाचं नियोजन काय होतं म्हणे. दोनशे पानं, आणि एक माणूस चुकला नाही."

एक माणूस चुकला नाही. अरे गाढवा!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण कुणावर रागवायचं होतं मला? त्याच्यावर? ते वाक्य हिराकाकूचं नाहीच. ते माझं आहे. मी रचलेलं. एकोणीस वर्षांची असताना, खरकट्या हातानं, चुलाणाच्या धुरात उभं राहून.

थांबा, नीट सांगते. असं एकदम सांगून टाकलं की वाटेल, झालं, मोकळी झाली बाई. मला मोकळं व्हायचं नाहीये.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडं, हमरस्त्यापासून कोसभर आत. एकाहत्तरची लढाई संपली आणि पुढच्या चैत्रात माझा मोठा भाऊ, दत्तूदादा, रजेवर आला. धडधाकट. हातपाय शाबूत. तीन महिने आईनं पोस्टमन दिसला की घरात पळून जायचं — तार असेल म्हणून. तर तो असा आला म्हटल्यावर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी ठरवलं की गावाला जेवण घालायचं. लापशी, आमटी, भात, वांग्याची भाजी. पाऊस आदल्या साली धड झालेला नव्हता, पुढचं वर्ष काय घेऊन येणार ते कुणाला माहीत नव्हतं, पण अण्णा म्हणाले, "पोरगं आलं, आता हात आखडायचा न्हाई."

घरात मी एकटी मॅट्रिक झालेली. अक्षर चांगलं. वही माझ्याकडं आली. आणि मी सांगते, मी ते काम असं केलं की मामलेदार कचेरीतल्या कारकुनानं शिकून जावं. डाव्या बाजूला घरं, उजव्या बाजूला पानं. कुणाकडनं काहिली आणायच्या, पत्रावळी कोण लावणार, पाण्याची टिपाडं भरायला कुणाची गाडी, मानकरी कुठल्या पंगतीला, म्हातारी माणसं भिंतीकडेला. आणि प्रत्येक घरापुढं आवतणाची खूण. आडवी रेघ म्हणजे घरटी एक पान. गोल म्हणजे चूलबंद.

हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं. त्यांना काय, मोबाईलवर कार्ड येतं, ताट धरून रांगेत उभं राहायचं, उभ्यानंच गिळायचं. चूलबंद आवतण म्हणजे अख्खं घर जेवायला — त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. सकाळी आवतण द्यायचं. आणि मग पानं मांडली की दारात जाऊन दुसऱ्यांदा बोलवायचं. "चला, पानं मांडली." हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय भला माणूस जागचा हलत नसे. जीव गेला तरी नसे. न बोलावता गेलं की झालं — अन्नाला टपले होते म्हणायला गाव मोकळं. हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मला तर होतंच.

हिराकाकू माझी धाकटी चुलती. काका लवकर गेला. मागं ती आणि तिची एकच मुलगी, वत्सला — माझ्या बरोबरीची. काका गेल्यावर वर्षाच्या आत काकू वेगळी निघाली, गल्लीच्या टोकाला चार घरं सोडून राहू लागली. अण्णांना ते इतकं लागलं की सहा वर्षं दोन घरांत शब्द नाही. पण दत्तूदादाला लहानपणी काकूनंच वाढवलेलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळून होती. लढाईवरनं त्याची जी दोन पत्रं आली त्या दोन्हींत शेवटी होतं, "काकूस शि. सा. नमस्कार." ती ओळ अण्णा मोठ्यानं वाचत नसत. तर दादानं आल्या आल्या सांगितलं, "काकू पंगतीला असंल तर जेवण घाला. नसंल तर मला नगं."

आणि दुसरी गोष्ट होती, सगळ्यांच्या मनातली. वत्सलेचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. तिला बाप नाही. कन्यादान कुणी करायचं? सख्खा चुलता चार घरांवर, आणि पोरीला दुसऱ्या कुणाच्या हातानं द्यायचं? अण्णा ह्यावर काही बोलत नव्हते, पण झोपतही नव्हते. शेवटी जेवणाच्या दिवशी सकाळी उठले, धोतर बदललं आणि मला म्हणाले, "वही घे. चल."

लहान भावाच्या बायकोशी थोरल्या दिरानं तोंडावर बोलायचं नसे. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, खाकरले आणि वत्सलेला म्हणाले, "वच्छे, आईला सांग. आज चूल पेटवू नका. तुमी दोघी आमच्याकडं." आतून काकूचा आवाज आला — सहा वर्षांनी अण्णांनी ऐकलेला — "सांग तुझ्या अण्णास्नी. बोलावणं आलं की येतोच." एवढंच. परत येताना अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "कुसे, पोरीचं कन्यादान आता माझ्या हातनं हुईल."

मी वहीत काकूच्या नावापुढचा गोल पुन्हा एकदा गिरवला. गिरवला हो! आणि पोटात माझ्या काय जळत होतं ते ऐका.

माघात मला बघायला एक मास्तर आले होते. नगरकडचे. मी पोह्यांची बशी दिली, नाव सांगितलं, चालून दाखवलं. चालून! लंगडी आहे का बघतात — बैल घेताना बघतात तसं. आठवड्यानं निरोप आला, मुलगी रंगानं कमी आहे. बरं. तेही गिळलं असतं. पण पुढच्या पंधरा दिवसांत त्याच मास्तरांनी आमच्याच गल्लीच्या टोकाला वत्सलेला पसंत केलं. आता सांगा, ह्यात काकूचा काय दोष? ती काही गेली नव्हती कुणाच्या दारात. त्यांची मावशी गल्लीत राहायची, तिनं सुचवलं. वत्सला तर विहिरीवर मला गाठून रडली. म्हणाली, "कुसुम, तू नगं म्हण, मी आईला सांगून मोडते." मी काय म्हणाले? म्हणाले, "मला काय करायचंय, तो मला पसंतच नव्हता." आणि घागर उचलून चालू लागले. आतल्या आत कढ येत होते, पण नाकानं कांदे सोलायची हौस कुठं जाते?

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. नाही — सांगतेय बहुतेक. बघा, एवढ्या वर्षांनीही जीभ वळते ती स्वतःच्याच बाजूला. तर ते सोडून द्या. नाकारलेल्या मुली त्या काळात ढिगानं होत्या. त्यांतल्या कुणी असं केलं नाही.

दुपारी पुरुषांच्या दोन पंगती उठल्या. सगळं वहीबरहुकूम. ना आमटी कमी पडली, ना भात लागला. येणारा जाणारा म्हणत होता, पोरीनं काय जुळवणी केलीय! मी हवेत. मग बायकांच्या पंगतीची वेळ झाली. दादा जेवला नव्हता. काकूला वाढून मग बसतो म्हणाला. आईनं भिंतीकडेला सावलीत दोन पानं मांडून ठेवली आणि मला सांगितलं, "जा, बोलावून आण. हिराकडं शेवटी जा, म्हंजे तिला घेऊनच यिशील तू."

मी दारोदार गेले. "चला, पानं मांडली." बायका तयारच होत्या, लेकरं पुढं पळत होती. एक एक दार करत गल्लीच्या टोकाला आले. काकूचं दार सताड उघडं होतं. समोर चूल दिसत होती, सारवून कोरडी झालेली, त्यात राखसुद्धा नव्हती. काकूनं तिचं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. वत्सला पाठमोरी बसलेली आणि काकू तिच्या वेणीत काही तरी खोचत होती. दोघी हसत होत्या. वत्सला म्हणत होती, "अण्णा मला वच्छेच म्हनले गं, पहिल्यावानी." आणि काकू हसता हसता डोळे पुसत होती.

मी दहा पावलांवर उभी होते. दहा पावलं आणि तीन शब्द. चला, पानं मांडली. तोंड उघडायचं, बस. भर उन्हात मी तिथं किती वेळ उभी राहिले माहीत नाही. मला वाटलं, ह्यांना सगळंच मिळायचं का? मास्तरही, आणि आता माझे अण्णाही?

आणि मी मागं फिरले.

विसरले, असं म्हणता आलं असतं. दोनशे माणसांच्या गडबडीत एक दार राहून गेलं — कुणी दोष दिला नसता, आईनं पाठीत धपाटा घालून पुन्हा पाठवलं असतं. पण मी विसरले नव्हते. आईनं विचारलं, "हिरा गं?" मी म्हणाले, "बोलावलं. येत न्हाई म्हनली." आईचा चेहरा उतरला. "काय म्हनली?" आता ह्याला उत्तर पाहिजे होतं. ते मला कसं सुचलं? काय घाई होती जिभेला? मी म्हणाले, "म्हनली, सहा वर्सं ज्यांनी तोंड बघितलं न्हाई, त्यांच्या दारात पान मांडायला आमी भिकारी न्हाई."

हुबेहूब काकूच्या ठेक्यात. नकला करण्यात मी लहानपणापासून पटाईत.

अण्णा मागंच उभे होते. त्यांनी ऐकलं. गल्लीतल्या चार बायकांनीही ऐकलं, म्हणजे गावानंच ऐकलं. दादा तरातरा निघाला — "मी आनतो तिला, बघतो कशी येत न्हाई." तो गेला असता तर? चार घरं! पण अण्णा कडाडले, "दत्तू! मी सोताच्या पायानं तिच्या उंबऱ्यात गेल्तो. आता ह्या घरातनं कुनी जायचं न्हाई." आणि दादा थांबला. लढाईवरनं आलेला माणूस, बापाच्या एका शब्दावर थांबला. मला आजही त्याचा राग येतो. बापाचा मान, घराचा मान, पंगतीतला मान — ह्या मानापायी कुणी चार पावलं जाऊन एक प्रश्न विचारू नये? गेलास का नाही रे? विचारलंस का नाही?

बघा, पुन्हा तेच. चोराच्या उलट्या बोंबा.

आईनं ती दोन पानं उचलून गुंडाळली. मी पदर खोचून लापशी वाढायला लागले. आग्रह करकरून वाढली मी. दादा दोन घास खाऊन उठला. अण्णा जेवलेच नाहीत. आणि गल्लीच्या टोकाला त्या दोघी नेसून, वेणीफणी करून बसल्या होत्या. पंगतीचा गलका त्यांना ऐकू जात असणार. तुपाचा वास जात असणार. चूल बंद. बोलावणं आलं की येतोच.

दिवस कलायला लागला तेव्हा मी भांडी आवरत परड्यात होते. काकूच्या छपरातनं धूर निघाला. बारीकसा. म्हणजे तोवर त्या थांबल्या होत्या. सकाळपासून उपाशी, तिन्हीसांजेपर्यंत.

तुम्ही म्हणाल, हे उघडं कसं पडलं नाही? अहो, पडणार कसं? काकूनं कुणाला सांगायचं, की मला दुसऱ्यांदा बोलावलं नाही म्हणून मी आले नाही? तसं म्हणणं म्हणजे मला जेवायला का घातलं नाही म्हणून भांडणं! कुठली मानी बाई ते तोंडातनं काढील? माझं ते वाक्य गावभर फिरून तिच्याही कानावर गेलंच असणार, पण मी असं बोललेच नाही म्हणत ती दारोदार फिरणार होती थोडीच! आणि आमचे अण्णा, ज्यांना वाटत होतं की भर पंगतीत आपल्या थोबाडीत मारली, ते विचारायला जाणार? दोन्हीकडं माणसं ताठ होती म्हणून माझं खोटं टिकलं. तो ताठा मला नेमका ठाऊक होता. माझी जुळवणी चोख होती, म्हटलं ना!

दादा रजा संपवून निघताना तिच्या दारात गेला होता. ती आतनंच म्हणाली, "सुखरूप जा बाबा," आणि बाहेर आली नाही. तो समजायचं ते समजला.

वैशाखात काकूनं तरीही अक्षता पाठवल्या. पाठवल्या बरं! त्या झालेल्या अपमानावर पाय देऊन पाठवल्या. अण्णांनी त्या ओट्यावरच ठेवल्या, घरात घेतल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी सनई वाजायला लागली तेव्हा ते दाराकडं पाठ करून बसले होते. आष्टीकडचे कुणी लांबचे मामा आले, त्यांनी कन्यादान केलं. वत्सलेला सासरी त्यावरनं किती वर्षं ऐकावं लागलं — चुलत्यानं टाकलेली, सख्खं माणूस मांडवात फिरकलं नाही. हे मला तिच्याच नणंदेकडनं कळलं, एसटीत भेटली तेव्हा. मी "अरेरे" म्हणाले. जनाची नाही तर मनाची? तीही नाही. पुढच्या वर्षी माझंही लग्न झालं, संगमनेरला. अण्णांनी माझं कन्यादान केलं. पाणी सोडताना मधेच थांबले ते. लोकांना वाटलं, लेक निघाली म्हणून.

वत्सला आहे अजून. नगरलाच असते. भाच्याच्या त्या लग्नाला तिला बोलावलं नव्हतं. आमच्याकडं तिला कुणी बोलावत नाही.

पुढं कैक वर्षांनी अण्णा गेले. मी संगमनेरहून पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती आणि आईच्या शेजारी, तिचा हात हातात धरून, हिराकाकू बसलेली होती. मयताला आवतण लागत नाही. सगळ्यांत आधी तीच आली होती म्हणे. तिनं त्या दिवशी सगळं केलं. सगळं उरकल्यावर शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, तेव्हा तिनंच भाकरी मोडून आईच्या हातात दिली, दादाला दिली, मला दिली. म्हणाली, "खा गं. दोन घास खा."

दादा तेव्हा फौजेतनं सुटून घरी आला होता. रडून रडून त्याचा आवाज बसलेला. भाकरी हातात तशीच धरून त्यानं एकदम विचारलं, "काकू, एक सांग. त्या दिवशी तू का गं आली न्हाईस? शेवटपातूर अण्णा तेच म्हनत हुते. हिरा का आली न्हाई, म्हनत हुते."

ओसरीवर आम्ही चौघंच होतो. काकूनं दादाकडं बघितलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मला कळलं की त्या दुपारी उघड्या दारातनं मला ती दिसली होती, तशी मीही तिला दिसले होते — आलेली, थांबलेली, फिरलेली. इतकी वर्षं तिला माहीत होतं. रागानं बघत नव्हती ती. वाट बघत होती. माझं बोलून होईपर्यंत थांबायला ती तयार होती.

मी हातातल्या भाकरीकडं बघत राहिले.

तिनं नजर खाली घेतली. दादाला म्हणाली, "माझंच डोकं फिरलं हुतं बाबा. वंगाळ बोलले मी. माझंच चुकलं."

दादा म्हणाला, "जाऊ दे काकू."

मी पिठल्याला भाकरी लावली आणि खाल्ली. भूक लागली होती मला.